संध्याकाळची डॉक्टरीण

आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला येणाऱ्या नर्सिंगच्या पोरी हल्ली जर्मन शिकतात. धाराशिवकडच्या आमच्या या वाशीच्या बाजारातून, कांद्याच्या ढिगांमधून वाट काढत यायचं, बाकड्यावर बसायचं आणि मोबाइलमध्ये बघत ओठ हलवायचे. पहिल्यांदा मला वाटलं, पोरी स्तोत्र म्हणतायत. परवा एकीच्या दंडाला पट्टा बांधताना मी विचारलं, "कशाला शिकतेस गं हे?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जणू तिला जेवतेस कशाला असं विचारलं होतं.

"तिकडं नोकरी हाय मॅडम. दुसरं कशाला?"

तिच्या मैत्रिणीनं क्लासचा फॉर्म दाखवला. त्यात 'ही भाषा का शिकायची आहे' असा रकाना होता आणि खाली आठ-दहा ओळींची मोकळी जागा. सगळ्या पोरींनी एकमेकींचं बघून एकच उतारा उतरवला होता, त्या देशाची संस्कृती जवळून जाणून घेण्याची मला लहानपणापासून ओढ आहे वगैरे. मी हसले तर म्हणाल्या, "तसंच लिहायचं आसतंय." मग त्यांतल्या एका आगाऊ पोरीनं मलाच विचारलं, "तुमाला येती का मॅडम एखादी दुसरी भाषा?"

"कन्नड येते."

"अगं बाई! ती कशाला?"

मी तिच्या हातावर कापूस ठेवला आणि दाबून धर म्हटलं. दोन मिनिटं तरी सोडू नकोस, असंही सांगितलं. त्या गेल्यावर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसले. त्यांच्या फॉर्मवरच्या त्या आठ-दहा ओळी मला भरायला सांगितल्या असत्या, तर मी काय लिहिलं असतं? आईला जाऊन आता वर्ष होईल, आणि तिच्यामागं या गावात माझ्याशी कन्नड बोलणारं कुणी नाही. ती भाषा माझ्या तोंडात नुसती पडून आहे.

आईचं माहेर सीमेपलीकडं. वडील एसटीत कंडक्टर होते आणि लग्नाआधी उमरग्याच्या डेपोत असताना त्यांची गाडी त्या बाजूला जायची. तिथल्याच कुणीतरी स्थळ सुचवलं. लग्नानंतर वर्षभरात वडिलांची बदली आमच्या बाजूला झाली आणि विसाव्या वर्षी आई वाशीत येऊन पडली. तेव्हा तिला मराठीत 'हो' आणि 'नको' एवढंच येत होतं. पुढं ती इतकी चोख मराठी बोलायला लागली की भाजीवाल्याशी भांडण झालं तरी एक शब्द अडायचा नाही. फक्त भाकरी मोजायची ती कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु. आम्ही तिघं, त्यामुळे सहाच्या पुढं भाकरी लागायच्या नाहीत. मला कन्नड यायची ती तेवढीच, सहापर्यंत.

ती मला का शिकवली नाही, याचं कारण साधंच आहे. मी बालवाडीत असताना माझ्या बोलण्यात तिचे शब्द यायचे आणि पोरं चिडवायची. बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, पोरीचा गोंधळ होतोय. वडील भांडकुदळ नव्हते, आईवर त्यांचा जीव होता. त्यांनी घरी येऊन शांतपणे सांगितलं, "तिला आधी मराठी नीट यिऊ दे, मग शिकव तुझं." ते 'मग' कधी आलंच नाही. आईनं लग्नातला शालू ट्रंकेत ठेवला होता, त्याच्याबरोबर ते बोलणंही ठेवून दिलं असावं. मीही कधी मागितलं नाही. दहावीला गेल्यावर तर आईच्या माहेरचं माणूस फोनवर मोठमोठ्यानं बोलायला लागलं की मी दार लोटून घ्यायचे. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

एक गोष्ट मात्र आठवते. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. आई मला दर वर्षी न्यायची. देवीच्या नावानं चुन्याचे खडे वेचायचा दिवस असतो, तेव्हा रान माणसांनी नुसतं फुलून जातं. लोक खाली बघत खडे वेचायचे, आणि आई मान वर करून माणसांमधून फिरत राहायची. मध्येच थांबायची, कान द्यायची, पुढं जायची. मग कुठल्यातरी झाडाखाली बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत उठायची नाही. त्या बायका कर्नाटकातून आलेल्या असायच्या. आई त्यांच्यात मांडीवर थापट्या मारत हसायची. घरी ती तशी कधी हसायची नाही. मला वाटायचं, या तिच्या कुणी चुलतबहिणी असणार. फक्त दर वर्षी त्या वेगळ्या का असतात, हे मला कळायचं नाही. माझ्या ओच्यात खडे गोळा झालेले असायचे आणि मी "चल ना, चल ना" म्हणून तिचा पदर ओढायचे.

वडील गेले तेव्हा मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. मग आम्ही दोघीच राहिलो. मला वाशीतच नोकरी लागली. स्थळं यायची. बरी चालली होती आमची गाडी.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी आई चुलीपाशी पडली. अर्धांगवायू. धाराशिवला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवलं. उजवा हात, उजवा पाय गेला. नजर मंद झाली, उजवीकडचं तर तिला दिसेनासंच झालं. तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला वाचा फुटली. मी आनंदानं तिच्या खाटेकडं धावले. ती बोलत होती, भरभरून बोलत होती, आणि त्यातलं मला काहीही कळत नव्हतं.

मराठी गेली होती. सगळी. मी बोलले की ती माझ्या ओठांकडं बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. परत येईल का, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल उघडली.

शेजारच्या काकू दिवसा तिच्याजवळ बसायच्या. मी घरी आले की त्या दारातच सांगायच्या, "दिसभर बोलत हुती बग माय. म्या आपलं व्हय व्हय म्हणती." मी सुरुवातीला आईशी खूप बोलले. मग सावकाश बोलून बघितलं. मग बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडायला लागले. एक दिवस ती माझ्या आवाजानं दचकली आणि डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं. त्या दिवसापासून मी बोलणंच सोडलं. भरवायचं, अंघोळ घालायची, कूस बदलायची, सगळं मुकाट्यानं. स्थळं यायची ती आईची अवस्था बघून चहा अर्धा ठेवून जायची. घरात दोन बायका आणि शब्द एक नाही. इतकं एकटं मला वडील गेल्यावरही वाटलं नव्हतं.

मामाला फोन लावायचे. मामा म्हातारा, त्याला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. आमचं बोलणं तोडक्यामोडक्या हिंदीत चालायचं. फोन आईच्या कानाला लावला की ती बोलत सुटायची, डोळ्यांतून पाणी यायचं, मध्येच रागवायची. दहा-दहा मिनिटं. मग मी फोन माझ्या कानाला लावून विचारायचे, मामा, काय म्हणते?

"कुछ नै बेटी. पानी मंगती."

दहा मिनिटं कुणी पाणी मागतं का? मी पुन्हा विचारलं की म्हणायचा, "ऐसेच बोलती, बुढापे का बात है." मामा काहीतरी लपवतोय, एवढं कळायला भाषा लागत नाही. माझी आई रोज कुणालातरी काहीतरी सांगत होती आणि ते माझ्यापर्यंत येत नव्हतं. काय सांगत होती ती? दुखतंय का तिचं कुठं? माझं काही चुकतंय का? मरायच्या आधी माणसाला एखादी गोष्ट सांगायची असते, ती तर नाही? ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. मी कन्नड शिकले ती एवढ्यासाठी.

वाशीत कन्नडचा क्लास कोण काढणार? मी मोबाइलवर शिकले. त्या व्हिडिओंमधली बाई बंगळूरला नोकरीला जाणाऱ्यांना शिकवायची. त्यामुळे रिक्षा मीटरप्रमाणे न्या, घरभाडं जरा कमी करा, लिफ्ट बंद आहे का, हे मला सगळ्यात आधी आलं. आई खाटेवर आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळत लिफ्ट बंद आहे का म्हणतेय. लॅबमधल्या लोकांनी कानात वायर बघितली आणि माझं बंगळूरला ठरलंय अशी बातमी फिरली. कुणी म्हणे नोकरी, कुणी म्हणे पोरगा. आमचे लॅबवाले सर तर एक दिवस गंभीरपणे म्हणाले, "जाणार आसशील तर महिनाभर आधी सांग, दुसरी पोरगी बघाय लागंल." मी कुणालाही काही सांगितलं नाही. आईशी बोलायला शिकतेय, हे सांगायची मला लाज वाटत होती. अठ्ठावीस वर्षांची बाई आणि आईशी बोलायला शिकतेय.

दोन महिन्यांनी मी चार वाक्यं जुळवली. त्या दिवशी काकूंना लवकर जायचं होतं म्हणून मी लॅबमधून तशीच पळत आले, अंगावरचा पांढरा कोट काढायचंही राहिलं. काकू गेल्या. मी स्टूल ओढून आईच्या डाव्या बाजूला बसले. व्हिडिओतल्या बाईसारखं स्वच्छ, सावकाश कन्नडमध्ये म्हणाले, नमस्कार, आपण कशा आहात? काही त्रास होतो आहे का?

आईचे डोळे मोठे झाले. तिचा डावा हात चाचपडत वर गेला, पदर सापडला, आणि तिनं तो डोक्यावरून घेतला.

तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहिते. आमच्याकडच्या मराठीत लिहिते, कारण मराठी बोलायची तेव्हा ती अशीच बोलायची.

"बसा, बसा," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई, तुम्ही आमच्याकडच्या व्हय?" मग माझ्या पलीकडं, मोकळ्या घराकडं बघून तिनं हाक मारली, "आगं, कुणी हाय का? बाईस्नी पानी द्या."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, तांब्या-फुलपात्र आणलं, आणि पाहुणीसारखं तिच्यासमोर बसून ते पाणी मीच प्याले.

चूक सरळ होती. मी शिकले ती शाळेच्या पुस्तकातली, शहरातल्या शिकलेल्या माणसांची कन्नड. आईच्या गावात तशी भाषा बोलणारी माणसं म्हणजे तलाठी, शाळा तपासायला येणारे साहेब, आणि डॉक्टर. त्यांच्यासमोर पदर घ्यायचा असतो. त्यात अंगावर कोट आणि तिची ती नजर. माझी स्वतःची आई माझ्यासमोर सावरून बसायला बघत होती.

मी घाईघाईनं म्हणाले, मी तुमची मुलगी आहे. ती तोंडभर हसली. "व्हय तर! लेकीसारख्याच की तुम्ही."

मी गप्प बसले, आणि ती बोलायला लागली. तास झाला तरी थांबेना. पहिल्या दिवशी मला त्यातलं चार आणे कळलं असेल. मी मोबाइल उशाशी ठेवून ते बोलणं साठवत गेले आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मशीन फिरत असताना कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. रोज संध्याकाळी सहाला कोट घालून मी खाटेपाशी बसायचे. रोज थोडं जास्त कळायला लागलं. ती माहेरच्या विहिरीबद्दल बोलायची, एका पांढऱ्या कालवडीबद्दल बोलायची. वडिलांबद्दल बोलायची, आणि ते ऐकून माझे कान लाल व्हायचे, कारण लेकीला कुणी असं सांगत नाही. एकदा यात्रेबद्दल बोलली.

"वर्सातनं येक दिस म्या बोलायची बगा. येरमाळ्याला. गर्दीत हिंडायची, आपलं बोलनं कुठं आयकू येतंय का बगत. कुणी बी आसू दे. कुनाची कोन, काय ठावं न्हाय. दिसभर बोलून घ्यायची, वर्साला पुरंल यवढं."

म्हणजे त्या चुलतबहिणी नव्हत्याच. अनोळखी बायका होत्या. आणि मी तिचा पदर ओढत होते. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं खाली बघितलं. चुन्याचे खडे भरलेला तो ओचा आता माझ्या छातीवर ठेवल्यासारखं झालं.

सव्वा महिन्यानं मी धीर केला. मामाला फोन लावला आणि या वेळी आवाज मोठा ठेवला. आई म्हणत होती, मला घिऊन जा. हितं मानसं हायती, पर बोलाय कुनी न्हाय. मरन येऊ दे, पर आपल्या बोलन्यात येऊ दे. आणि मामा म्हणत होता, येतो, येतो, पुढच्या महिन्यात गाडी करून येतो. मग मला म्हणाला, "पानी मंगती बेटी."

मला त्याचा इतका राग आला की फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पण तो स्वतः काठी टेकत चालणारा माणूस, कुठून गाडी आणणार आणि कुठं ठेवणार तिला? मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होता बिचारा. मी म्हटलं, हां मामा, पिलाती पानी.

पण त्याहून मोठं ऐकायचं राहिलं होतं. दोन-तीन दिवसांनी मी, म्हणजे डॉक्टरीणबाईनं, तिला विचारलं, तुमची काळजी कोण घेतं?

"पोरगी हाय की. लई गुनाची. हागनंमुतनं काडती, नाक मुरडत न्हाय. सोन्यासारकी हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पर बोलत न्हाय ओ माज्यासंगं. आधी बोलायची. आता येक शबुद न्हाय. मुकी झाल्यावानी करती सगळं. म्या काय केलं आसंल बाई? तुम्ही शिकलेल्या हाव. ईचारून बगा की तिला."

मी विचारते म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

खिडकीतला उजेड उतरला की ती रोज एकच वाक्य म्हणायची. "जावा आता बाई. तुमची आय वाट बगत आसंल." मी उठायचे. ओसरीवर जायचे, कोट खिळ्याला अडकवायचे, हातपाय धुवायचे आणि आत यायचे. आत आले की आई गप्प. मघाशी हसणारा तो चेहरा मिटलेला असायचा. मी ताट घ्यायचे आणि घास भरवायचे. पाच मिनिटांपूर्वी जी मला वडिलांच्या खोड्या सांगत होती, ती माझ्याकडं लांबच्या नात्यातल्या माणसाकडं बघावं तशी बघायची. मी घास भरवताना मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे आणि गिळून टाकायचे.

का बोलत नव्हते मी? याला एकच कारण नाही. कोट काढला की माझी कन्नड पळून जायची. समोर आई असली की जीभ मराठीच मागायची. शिवाय भीती होती. डॉक्टरीणबाईला ती सगळं सांगत होती. पोरगी बोलायला लागली की ती आई होणार, आणि आया सगळं सांगत नाहीत. कुठं दुखतंय ते लपवतात, मला काय होतंय म्हणतात. आणि खरं सांगू? सहा ते सात मला बोलणारी आई मिळत होती. ती घालवायला मी तयार नव्हते. मला त्या डॉक्टरणीचा हेवाही वाटायचा. तिच्यासाठी आई पदर सावरून वाट बघत बसलेली असायची, आणि मी आले की भिंतीकडं बघायची.

चैत्र लागला. येरमाळ्याच्या यात्रेच्या गाड्या भरभरून जायला लागल्या. काकू निघाल्या तेव्हा आईला नमस्कार करून गेल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आयच्या नावानं खडं येचती बग पाच." त्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळी आईला अंघोळ घालायला घेतली. खुर्चीत बसवलं, पाठीवर तांब्या ओतला. तिची पाठ माझ्याकडं होती, म्हणून असेल, किंवा अंगावर कोट नव्हता तरी तिला माझा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, माझ्या तोंडातून निघून गेलं. तिच्या गावच्या पद्धतीनं, पुस्तकातल्या नव्हे. इतके दिवस तिचंच ऐकून ऐकून माझी भाषा तिच्यासारखी झाली होती.

"अव्वा, पानी लई कडक हाय का?"

तिच्या पाठीचा कणा ताठ झाला. तांब्यातलं पाणी थेंब थेंब गळत होतं. मी थांबले. मी पुन्हा विचारलं नाही. अंग पुसलं, लुगडं गुंडाळलं, खाटेवर आणून निजवलं. दिवसभर तिनं तोंड उघडलं नाही, जेवतानाही नाही. मला वाटलं, संपलं. होती ती एक वाटही मी माझ्या हातानं बुजवली.

सहाला कोट घातला. आत पाय टाकला तसा तिनं डावा हात पुढं केला. "या, या बाई. लवकर या. कवाधरनं वाट बगती म्या." मी बसायच्या आत तिनं माझं मनगट धरलं.

"आज माजी पोरगी बोलली!"

मी म्हटलं, हो का? काय म्हणाली?

"पानी कडक हाय का म्हनली." हे सांगताना ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून उशीवर जात होतं. "अव्वा म्हनली मला. आपल्या बोलन्यात. तुम्ही सांगितलं व्हय तिला?"

डॉक्टरीणबाईनं मान हलवली. विचारलं, मग तुम्ही काय उत्तर दिलंत?

"काय बी न्हाय."

का?

ती बराच वेळ माझं मनगट चोळत राहिली. "भ्याले ओ. म्या बोलले आन तिला न्हाय कळलं, तर? ती परत गप व्हईल. यवढं येक वाक्य आलंय तिला, तर ऱ्हाऊ दे की. म्या दिसभर त्येच घोळवत पडले." मग एकदम तिला काहीतरी आठवलं. ती उठून बसायची धडपड करायला लागली आणि मला चक्क ढकलायला लागली. "आता जावा तुम्ही. आज लवकर जावा. ती यील यवढ्यात. ती याच टायमाला येती."

त्यानंतर आम्हाला सतरा दिवस मिळाले. मोजायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, तरी आकडा तोंडात येतोच. त्या सतरा दिवसांतलं पुष्कळसं मी कुणाला सांगणार नाही. ते कन्नडमध्येच आहे आणि तिथंच राहू दे. अठराव्या दिवशी तिला दुसरा झटका आला आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं. मरण तिच्या बोलण्यात आलं का, हे मला सांगता येणार नाही. पण शेवटचं माणूस म्हणून मी तिथं होते आणि ती काय म्हणाली ते मला कळलं.

तिनं डॉक्टरीणबाईला ढकलून लवकर घालवलं, त्या संध्याकाळचं मात्र सांगते. मी ओसरीवर आले. अजून लख्ख उजेड होता. बाहेर यात्रेहून परतणाऱ्या गाडीतून पोरं ओरडत गेली. मी कोट काढला, आणि खिळ्याला न अडकवता पहिल्यांदाच त्याची नीट घडी केली. पाय धुतले. आत आले. आई खाटेवर पदर डोक्यावर न घेता, तोंड दाराकडं करून बसली होती, एका अंगावर कलंडलेली, उशीला टेकलेली.

"अव्वा," मी म्हटलं, "भूक लागली का?"

तिनं ओठ हलवले. एकदा हलवले, आवाज आला नाही. पुन्हा हलवले. "लागली," ती म्हणाली, आणि मला कळलंय का ते माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली.

"भाकरी करते. किती खाशील?"

"ओंदु," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुला दोन कर. वाळलीस."

मी तवा ठेवला. पीठ मळताना मी तिच्याकडं पाठ केली होती, कारण मला रडू येत होतं आणि ते तिनं बघावं असं वाटत नव्हतं. मागून तिचा आवाज आला. तोच आवाज, डॉक्टरीणबाईशी बोलायची तो नव्हे, आणि मुकी असायची तोही नव्हे. लहानपणी पावसात भिजून आल्यावर ज्या आवाजात ती मला डोकं पूस म्हणायची, तो.

"डॉक्टरीणबाई गेली का गं?"

"गेली."

"बरं झालं," आई म्हणाली. "रोज हितंच बसायची बिचारी. तिची आय वाट बगत आसंल."